कामगाराचा खांदा आणि ड्रॉइंगवरची सही

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत जोडणीच्या एखाद्या लाईनवर गेलात, तर मशीनकडे बघण्याआधी कामगारांनी स्वतः काय काय जुगाड करून ठेवले आहेत ते बघा. बोल्ट आवळायच्या गनच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली असते. टेबलाच्या धारदार कडेवर खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला असतो, कारण तिथे दिवसभर मनगट टेकतं. कुणाच्या पायाखाली पॅलेटची फळी, कुठे टेबलाच्या पायांखाली विटा. ऑडिटच्या आदल्या दिवशी सुपरवायझर हे सगळं पसारा म्हणून उचलून टाकतो आणि ऑडिट झालं की दोन दिवसांत ते परत येतं. खरं तर लाईन आखताना कुठे काय चुकलं याचा तो आयता नकाशा असतो. ट्यूब सांगते की मूठ बारीक किंवा गुळगुळीत आहे. पुठ्ठा सांगतो की कड गोल केलेली नाही. फळी आणि विटा सांगतात की टेबलाची उंची कुणाच्याही कोपराला विचारून ठरवलेली नाही.

जोडणीच्या कामात धरणारी पाठ, जाम होणारा खांदा, रात्री मुंग्या येणारा हात या गोष्टी बहुतेक वेळा शॉप फ्लोअरवर ठरत नाहीत. त्या ठरतात लाईनचं ड्रॉइंग मंजूर होताना, गन खरेदी करताना, पुरवठादाराशी खोक्याचं माप ठरवताना. त्यामुळे त्यांची जबाबदारीही त्या सह्यांवर यायला हवी. ती यायची तर ही दुखणी आधी मोजली गेली पाहिजेत, आणि आज ती मोजली जात नाहीत.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ रोगांची यादी होती. शिशाची आणि पाऱ्याची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजामुळे येणारा बहिरेपणा असे हे रोग. कारखान्यात असा रुग्ण आढळला तर सरकारला कळवणं बंधनकारक होतं. कंडरा, स्नायू आणि सांध्यांची दुखणी त्या यादीत नव्हती. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनंही ही उणीव भरून काढलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मात्र २०१० च्या आपल्या यादीत या दुखण्यांना वेगळा गटच दिला आहे. मनगटातली नस दबणं, अंगठ्याच्या मुळाशी कंडरा सुजणं, कोपराची बाहेरची बाजू दुखणं हे सगळं त्यात नावानिशी आहे. खाणकामगारांच्या आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे. खाणीतल्या धुळीनं खराब झालेलं फुफ्फुस कागदावर दिसतं, म्हणून त्यावर संशोधन होतं, तपासणी होते, भरपाईचा दावाही करता येतो. त्याच शहरातल्या जोडणी कामगाराचा खांदा कुठल्याच कागदावर नाही.

याची किंमत कामगार रुपयांत मोजतो. ईएसआय या कामगार विमा योजनेत कामावरची इजा मान्य झाली तर तात्पुरत्या अपंगत्वासाठी सरासरी रोजच्या मजुरीच्या ९० टक्के मिळतात. नुसता आजार म्हणून रजा घेतली तर ७० टक्के, तेही वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. खोकं उचलताना एका क्षणी कंबरेत लचक भरली आणि त्याची अपघात म्हणून नोंद झाली, तर पहिला रस्ता उघडा असतो. दीड वर्ष रोज थोडा थोडा झिजलेला खांदा दुसऱ्या रस्त्यानं जातो. ठेकेदाराचा माणूस तर बहुधा कुठल्याच रस्त्यानं जात नाही. तो काम सोडून गावी जातो, त्याच्या जागी दुसरा येतो आणि रजिस्टर कोरं राहतं. वर्षाच्या शेवटी त्या कोऱ्या रजिस्टरवरून कारखाना सुरक्षित ठरतो.

ओझ्याबद्दल कायदा अगदीच गप्प नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३४ म्हणत होतं की इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये. पण व्यवहारात सगळे फक्त किलो बघतात, आणि पाठीच्या हिशोबात किलो ही अर्धीच गोष्ट आहे. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं १९९१ मध्ये सुधारलेलं उचलण्याचं सूत्र घ्या. सगळी परिस्थिती उत्तम असेल तर ते २३ किलोपासून सुरू होतं आणि परिस्थिती बिघडेल तसं खाली येतं. समजा, ब्रॅकेटचं २० किलोचं खोकं जमिनीवरच्या पॅलेटवरून उचलून टेबलावर ठेवायचं आहे. पॅलेटची कड आडवी येते म्हणून हात घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे जातात. सूत्रात २५ भागिले ५०, म्हणजे मर्यादा तिथेच निम्मी. हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर आहेत, त्याचा गुणक ०.८२. उचल ७५ सेंटिमीटरची, गुणक ०.८८. टेबल बाजूला असल्यानं अंग ४५ अंशांत वळतं, गुणक ०.८६. खोक्याची पकड मध्यमच, ०.९५. मिनिटाला एक खोकं, पूर्ण शिफ्ट, ०.७५. सगळं गुणल्यावर उरतात साधारण ५ किलो. माणूस उचलतोय २०, म्हणजे सुचवलेल्या मर्यादेच्या चौपट. आणि कारखान्यातला प्रत्येक जण खात्रीनं सांगेल, ‘वीस किलोत काय जड आहे?’

आता तेच खोकं वर-खाली होणाऱ्या सिझर लिफ्ट टेबलावर ठेवा. हात ७५ सेंटिमीटर उंचीवर येतात, उचल जवळजवळ संपते. टेबल समोर आणलं की वळणं संपतं. खोकं कडेला सरकवून घेता आलं तर हात ३० सेंटिमीटरवर राहतात. मर्यादा १४ किलोंच्या वर जाते. पुरवठादाराला १४ किलोंची खोकी भरायला सांगितलं की प्रश्न मिटला. इथे कामगाराला काही शिकवावं लागलं नाही, पट्टा बांधावा लागला नाही. दोन निर्णय बदलले आणि दोन्ही ऑफिसात बसून घेण्यासारखे होते.

लिफ्ट टेबलाला बजेट नसेल तर भरलेलं पॅलेट तीन-चार रिकाम्या पॅलेटवर ठेवा. तेवढ्यानंही उंचीचा गुणक सुधारतो. वरचा थर खांद्याच्या वर जाणार नाही एवढीच काळजी घ्यायची. हे अगदी छोट्या युनिटलाही जमतं.

पाठ निदान बोलते तरी. मनगट आणि खांदा फार उशिरा बोलतात, म्हणून त्यांच्याकडे जास्त बारकाईनं बघायला हवं. एक स्टेशन डोळ्यांसमोर आणू. दर ९० सेकंदांना एक नग, नगाला ८ बोल्ट, चहा-जेवण वजा जाता कामाची ४५० मिनिटं. म्हणजे शिफ्टला ३०० नग आणि २४०० वेळा गनचा झटका. गन पिस्तूल मुठीची, टॉर्क (म्हणजे आवळण्याचा पीळ) १२ न्यूटन मीटर. मूठ गनच्या अक्षापासून साधारण १० सेंटिमीटर खाली असते, त्यामुळे बोल्ट बसताना हाताला साधारण १२० न्यूटनचा, म्हणजे १२ किलोंच्या आसपासचा हिसका बसतो. २४०० वेळा.

हा हिसका सगळीकडे सारखा नसतो. पत्र्यावर पत्रा असा हार्ड जॉइंट असेल तर बोल्ट टेकल्यापासून ३० अंशांच्या आत टॉर्क पूर्ण होतो आणि गन सुटते. मध्ये रबर किंवा गॅस्केट असलेला सॉफ्ट जॉइंट दोन दोन फेरे घेतो. तेवढा वेळ टॉर्क वाढत राहतो, हाताला गन अडवून धरावी लागते आणि मनगट वळवलं जातं. खरेदी विभाग मात्र गन निवडताना टॉर्कचा आकडा आणि किंमत एवढंच बघतो, जॉइंट कोणता हे विचारत नाही. सॉफ्ट जॉइंटवर आणि साधारण १० न्यूटन मीटरच्या वरच्या पिस्तूल गनवर रिअॅक्शन आर्म असलाच पाहिजे, म्हणजे हिसका स्टँड खातो, हात खात नाही. बोल्ट आडवा जात असेल तर पिस्तूल मूठ बरोबर आहे. टेबलावर वरून खाली आवळायचा असेल तर सरळ गन हवी. तिथे पिस्तूल गन दिली की मनगट करंगळीकडे मुडपतं, कोपर वर जातं आणि खांदा दिवसभर उचललेला राहतो. कामगार उभा चुकीचा आहे असं मग शेरेबुकात लिहिलं जातं, पण गनच तशी दिल्यावर त्यानं उभं राहायचं कसं?

गन ज्याला टांगतात त्या स्प्रिंगच्या बॅलन्सरचंही तसंच. गन टांगून दिली की झालं असं समजतात. स्प्रिंगचा ताण जास्त ठेवला तर प्रत्येक वेळी गन खाली ओढावी लागते, म्हणजे वजन उचलायच्या ऐवजी ओढण्याचं काम मागे लागलं. ताण असा हवा की गन सोडली तर जागच्या जागी तरंगत राहील. गन बदलली, होज बदलली की ताण पुन्हा लावायचा. मेंटेनन्सच्या तक्त्यात हा रकाना क्वचितच सापडतो.

आणि बिट, म्हणजे गनचं स्क्रूच्या खाचेत बसणारं टोक. झिजलेला बिट स्क्रूच्या खाचेतून निसटतो, म्हणून माणूस गन जोरानं दाबून धरतो. दाबायचा जोर वाढला की मूठ घट्ट होते, मूठ घट्ट झाली की पंजापासून कोपरापर्यंतचे स्नायू आवळतात. छिद्रात रंग गेला असेल, आटे नीट पडले नसतील, तरी तेच. जितके स्क्रू झाल्यावर बिट निसटायला लागतो, त्याच्या थोडं आधी तो बदलायचा, ही संख्या प्रत्येक स्टेशनवर मोजून भिंतीवर लावता येते. एका बिटची किंमत ती किती! फुली खाचेच्या स्क्रूऐवजी सहा टोकांच्या ताऱ्याची खाच असलेला स्क्रू वापरला तर दाबावं लागतंच कमी. हा निर्णय पुन्हा डिझाइनवाल्यांचा.

जोरावर एवढा भर देण्याला कारण आहे. कंडरा आणि कुर्चा पुन्हा पुन्हा वाकवलेल्या तारेसारख्या थकतात. तार किती फेऱ्यांनंतर तुटेल हे ती किती वाकवली यावर फार अवलंबून असतं. जोर थोडासा वाढला तरी सोसण्याचे फेरे झपाट्यानं घटतात. म्हणजे फेरे निम्मे करण्यापेक्षा जोर निम्मा करण्यात कितीतरी जास्त फायदा. याच कारणासाठी कामाच्या आलटापालटीवर आमचा फारसा भरवसा नाही. चार स्टेशनांवर चौघांना दर दोन तासांनी फिरवलं, पण चारही ठिकाणी हात खांद्याच्या वर असेल, तर खांद्याला काय विश्रांती मिळाली? त्याहून वाईट म्हणजे एक अतिशय वाईट स्टेशन असेल तर पूर्वी एकाचा खांदा जायचा, आता चौघांचे जातात. आलटापालट उपयोगी पडते ती स्टेशनं वेगवेगळे स्नायू वापरत असतील आणि सर्वात वाईट स्टेशन आधी दुरुस्त झालेलं असेल तर.

कंबरपट्ट्याबद्दल तर सरळ सांगावं. नायॉशनं १९९४ मध्येच सांगितलं की निरोगी कामगाराची पाठ त्यानं वाचते याला पुरेसा पुरावा नाही. पुढे त्यांनीच दुकानांमधल्या माल हाताळणाऱ्या कामगारांचा मोठा अभ्यास केला, २००० मध्ये त्याचा निकाल आला, त्यातही फायदा दिसला नाही. ‘गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा’ या प्रशिक्षणाचंही तेच. अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा नुसत्या प्रशिक्षणानं पाठदुखी टळते असं दिसलं नाही. यात नवल नाही. ५० सेंटिमीटर पुढे, जमिनीलगत ठेवलेलं खोकं गुडघ्यात वाकूनही तितकंच दूर राहतं, कारण गुडघे मध्ये येतात. सकाळच्या शिफ्टला पाच मिनिटं व्यायाम चांगलाच आहे, पण तो करून घेऊन बाकी सगळं तसंच ठेवणं हे काम टाळण्याचं एक सभ्य रूप आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याचा यात वेगळा वाटा आहे आणि बाहेरून आलेल्या पुस्तकी तक्त्यांत तो नसतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमध्ये हात घामानं ओले होतात. ओली मूठ घसरते म्हणून ती नेहमीपेक्षा घट्ट धरली जाते. हातमोजा घातला तर जाडीमुळे पकडीची ताकद आणखी कमी होते, आणि एकाच मापाचे मोजे सगळ्यांना वाटले तर लहान हाताच्या बाईच्या बोटांपुढे रबराची टोकं लोंबतात, ती सावरतच तिला काम करावं लागतं. कूलर एका बाजूनं मारत असेल तर माणसं त्या झोताच्या दिशेनं अंग वळवून काम करतात, हेही लक्षात घ्यावं. एप्रिल ते जून मुठीवर घाम शोषणारं आवरण, मोज्यांची तीन मापं, दर तासाला पाण्यासाठी हात मोकळे होतील एवढी सुटी ही इथली गरज आहे. वेग तोच ठेवून ताक वाटल्यानं मनगट वाचत नाही.

उंचीचं गणित सोपं आहे आणि सगळ्यात जास्त तिथेच चुकतं. उभं राहून, खांदे सैल सोडून, कोपर काटकोनात धरायचं आणि जमिनीपासून मोजायचं. बारीक काम त्या उंचीच्या ५ ते १० सेंटिमीटर वर, हलकी जोडणी १० ते १५ सेंटिमीटर खाली, जोर लावायचं काम आणखी खाली. लक्षात ठेवायचं की ही हाताची उंची आहे, टेबलाची नव्हे. टेबलावर नग पकडून ठेवणारं ३० सेंटिमीटरचं फिक्स्चर असेल तर टेबल तेवढं खाली हवं. एकाच स्टेशनवर उंच पुरुष आणि बुटकी बाई आलटून पालटून काम करत असतील आणि टेबल खालीवर होत नसेल, तर टेबल उंच माणसाला बेतून बनवावं आणि दुसऱ्याला रुंद, न हलणारा, न घसरणारा पाट द्यावा. उलट केलं तर उंच माणसाची पाठ वाकण्यापासून वाचवायला काही उपाय राहत नाही. सतत लागणारे पार्ट अंगापासून ३५-४० सेंटिमीटरच्या आत, क्वचित लागणारे त्याच्या मागे, आणि पार्ट ठेवायचे बिन (डबे) पुढे कललेले, म्हणजे तळातला शेवटचा बोल्ट काढायला मनगट मुडपावं लागत नाही.

उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी असं १९४८ च्या कायद्याचं कलम ४४ सांगत होतं, नव्या संहितेतही ती तरतूद आहे. तरी स्टूल दिसला की सुस्तीची खूण समजली जाते.

या सगळ्यावर मालकांकडून ठरलेलं उत्तर येतं: ही माणसं आजूबाजूच्या खेड्यांतून येतात, सुटीच्या दिवशी शेतात राबतात, बुटीबोरीपर्यंत रोज तीस-तीस किलोमीटर मोटारसायकल हाकतात, मग पाठ कशानं धरली कुणास ठाऊक. मुद्दा खोटा नाही. एका माणसाबद्दल कारण सांगणं खरंच कठीण असतं. पण एका स्टेशनबद्दल सोपं असतं. शरीराचं चित्र छापलेला कागद द्या, नाव नको, फक्त स्टेशन क्रमांक आणि गेल्या तीन महिन्यांत कुठे दुखलं तिथे खूण. सात नंबरच्या स्टेशनवर वर्षभरात आलेल्या पाचपैकी चौघांनी उजव्याच खांद्यावर खूण केली, तर ते शेतीचं दुखणं नाही. शेती काय फक्त सात नंबरवाल्यांकडे आहे?

मालकांचा दुसरा प्रश्न खर्चाचा, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच क्वालिटी विभागात पडलेलं असतं. स्वीडनमधल्या एका मोटार जोडणी कारखान्यात एक्लुंड यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शरीराला जाचणाऱ्या कामांमध्ये दर्जाचे दोष इतर कामांच्या तिप्पट सापडले. हात पोचत नाही तिथला बोल्ट तिरका बसतो, डोळ्यांना दिसत नाही तिथली क्लिप अर्धी लागते. आपल्या लाईनचा रिवर्कचा, म्हणजे पुन्हा दुरुस्त कराव्या लागलेल्या नगांचा तक्ता आणि दुखण्याचा तक्ता शेजारी लावून बघावा.

म्हणून मागणी दोन पातळ्यांवर आहे. सरकारनं या दुखण्यांना कळवायच्या रोगांच्या यादीत घ्यावं, निदान मनगटाची दबलेली नस, अंगठा-कोपर-खांद्याच्या कंडरा आणि ओझ्यामुळे गेलेली कंबर एवढ्यांना. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयानं नवीन लाईनच्या नकाशाबरोबर एक पान मागावं: प्रत्येक स्टेशनवर हाताची उंची, सर्वात लांबची पोच, उचलायचं सर्वात जड वजन आणि गनचा टॉर्क. खाली डिझाइन आणि खरेदी या दोन्ही विभागांच्या प्रमुखांची सही. ठेकेदाराच्या कामगारांची नोंद मूळ कारखान्याच्याच खात्यावर व्हावी, नाहीतर सगळं दुखणं ठेकेदारीच्या दारातून बाहेर निघून जाईल.

कारखान्यांनी यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. मोजपट्टी, ताणकाटा आणि मोबाइल एवढ्यावर आठवड्याभरात एक स्टेशन तपासून होतं. दहा सलग नगांचा व्हिडिओ बाजूनं आणि मागून घ्यावा, एकाच नगाचा नको, कारण सगळ्यात वाईट वाकणं नेहमी बिन संपताना किंवा नग नीट बसत नसताना येतं. रुला हा अंगाच्या ठेवणीचा तक्ता १ ते ७ गुण देतो, तो वाईटातल्या वाईट क्षणाला लावावा आणि तो क्षण कोणता हे कामगाराला विचारावं. ७ आले तर त्या स्टेशनला ताबडतोब हात घालायचा, ३-४ आले तर खोलात जाऊन बघायचं. बदल केल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा व्हिडिओ. नवं फिक्स्चर मुळातल्यापेक्षा उंच निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मोजणी सुरू झाली की पहिल्या तीन-चार महिन्यांत तक्रारी वाढतील, कदाचित दुपटीनं. आजवर सांगून उपयोग नाही म्हणून गप्प बसलेली माणसं बोलायला लागतील, आणि हाताला येणाऱ्या मुंग्या सुरुवातीलाच सांगितल्या तर पुढच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी स्वस्तात बऱ्या होतात. नेमक्या याच टप्प्यावर वरून विचारणा होते, मॅनेजर घाबरतात आणि कागद वाटणं बंद करतात. वार्षिक आढाव्यात या पहिल्या वर्षाच्या वाढीसाठी कुणाचेही गुण कापले जाणार नाहीत, हे मोजणी सुरू करण्याआधीच लेखी देऊन ठेवावं.